आयोडीन घन, एचसीएल वायू: मग 'लंडन बल सगळ्यात कमकुवत' हे शिकवायचं कसं?

पऱ्या (राजापूर)

अकरावीच्या पुस्तकातला रेणूंमधल्या आकर्षण बलांचा क्रम मुलांना पाठ असतो: लंडन बल सगळ्यात कमकुवत, त्याच्या वर द्विध्रुव-द्विध्रुव (ध्रुवीय रेणूंच्या विरुद्ध प्रभाराच्या टोकांमधलं), त्याच्या वर हायड्रोजन बंध (नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा फ्लोरिनला जोडलेल्या हायड्रोजनची शेजारच्या रेणूतल्या अशाच अणूकडे ओढ). दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक, त्यामुळे असा सरळ क्रम हाती लागला की मुलं तो सोडत नाहीत. पण उत्कलनांकांचा तक्ता फळ्यावर आला की गोंधळ सुरू होतो.

एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड) ध्रुवीय, म्हणजे रेणूचं एक टोक किंचित धन आणि दुसरं किंचित ऋण, तरी उणे ८५ अंशांनाच उकळतो. आयोडीनचा रेणू अजिबात ध्रुवीय नाही, तरी तो खोलीच्या तापमानाला घन आणि १८४ अंशांना उकळणारा. क्लोरोफॉर्म ध्रुवीय, उत्कलनांक ६१. कार्बन टेट्राक्लोराइड अध्रुवीय, उत्कलनांक ७७. एचसीएल, एचबीआर, एचआय (हायड्रोजनची क्लोरीन, ब्रोमिन, आयोडीनशी संयुगं) असं खाली जावं तसतशी ध्रुवीयता कमी होते आणि उत्कलनांक मात्र चढत जातो: उणे ८५, उणे ६७, उणे ३५. 'कमकुवत' बल जिंकतं कसं, या प्रश्नाला वर्गात पटेल असं उत्तर हवंय.

दुसरं, थर्मामीटरच्या फुग्याला ओला फिल्टर पेपर गुंडाळून पाणी, अल्कोहोल, ॲसिटोन यांच्या बाष्पीभवनाने तापमान किती उतरतं ते बघायचा प्रयोग. जुलैत तो आपल्याकडे धड होत नाही. पाण्याचं तापमान जेमतेम हलतं आणि ॲसिटोनचे आकडे दर वेळी वेगळे. पावसाळ्यात चालेल असं काही आहे का? इथल्या रोजच्या वस्तूंमधली उदाहरणंही चालतील, पण रसायनशास्त्र पक्कं हवं, नुसती गंमत नको.

कातळसडा (रत्नागिरी)

क्रम चुकीचा नाही सर, त्याची अट गळून पडली आहे. रेणूंमधले इलेक्ट्रॉन साधारण तितकेच असतील, तरच तो क्रम लागू. ही अट फळ्यावर क्रमाच्या आधी लिहा.

लंडन बल म्हणजे काय ते आधी. रेणूभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा ढग क्षणभर एका बाजूला झुकतो, तिथे क्षणिक द्विध्रुव तयार होतो आणि तो शेजारच्या रेणूचा ढगही झुकवतो. ढग जितका मोठा आणि सैल, तितका तो सहज झुकतो. हे बल प्रत्येक रेणूत असतं, पाण्यातही आणि एचसीएलमध्येही. मुलांची खरी गफलत इथे होते: 'एचसीएलमध्ये द्विध्रुव बल, आयोडीनमध्ये लंडन बल' अशी वाटणी ती मनात करतात. प्रत्यक्षात एचसीएलमध्ये दोन्ही आहेत आणि तुलना एकूण बेरजेची करायची असते. (फ्रिट्झ लंडन या भौतिकशास्त्रज्ञाने १९३० मध्ये याचं स्पष्टीकरण दिलं. शहराशी संबंध नाही. हे दर वर्षी सांगावं लागतं.)

आता आकडे. एचसीएलमध्ये १८ इलेक्ट्रॉन, एचआयमध्ये ५४. द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे ध्रुवीयतेचं माप, एचसीएलचं साधारण १.०८ डिबाय (त्याचं एकक), एचआयचं ०.४ च्या आसपास. रूढ हिशेब असा की एचसीएलच्या एकूण आकर्षणातसुद्धा सुमारे चार-पंचमांश वाटा लंडन बलाचाच असतो, आणि एचआयमध्ये जवळजवळ सगळाच. म्हणजे ध्रुवीय म्हणून मिरवणाऱ्या एचसीएललाही धरून ठेवतं ते मुख्यतः लंडन बलच. हायड्रोजन बंध असलेल्या पाण्यात हाच वाटा एक-पंचमांशावर येतो.

हॅलोजन बघा: फ्लोरिन १८ इलेक्ट्रॉन, उणे १८८, क्लोरीन ३४, उणे ३४, ब्रोमिन ७०, ५९ अंश, आयोडीन १०६, १८४ अंश. चौघांत एकही ध्रुवीय नाही, तरी पहिले दोन वायू, तिसरा द्रव, चौथा घन. क्लोरोफॉर्ममध्ये ५८ इलेक्ट्रॉन, कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये ७४. द्विध्रुवाची भर १६ इलेक्ट्रॉनांची तूट भरून काढू शकत नाही.

याच्या उलट, अट पाळली की पुस्तकी क्रम कसा सुरेख उभा राहतो ते दाखवायला ही चौकडी वापरा. प्रोपेन, २६ इलेक्ट्रॉन, उणे ४२. डायमिथाइल ईथर, २६ इलेक्ट्रॉन, उणे २४. ॲसिटाल्डिहाइड, २४ इलेक्ट्रॉन, २० अंश. इथेनॉल, २६ इलेक्ट्रॉन, ७८ अंश. लंडन बल सगळ्यांत जवळपास सारखं, त्यामुळे फरक उरला तो ध्रुवीयतेचा आणि हायड्रोजन बंधाचा. ईथर आणि इथेनॉल तर एकाच रेणुसूत्राचे, आणि उत्कलनांकांत शंभर अंशांचं अंतर.

मात्र मुलं लगेच 'इलेक्ट्रॉन मोजा, झालं' अशी नवी घोकंपट्टी सुरू करतात. त्यांना थांबवायला एक जोडी हाताशी ठेवा. कार्बन टेट्राफ्लोराइडमध्ये ४२ इलेक्ट्रॉन आणि साध्या सरळ साखळीच्या पेंटेनमध्येही बरोबर ४२. दोन्ही अध्रुवीय. पहिला उणे १२८ ला उकळतो, दुसरा ३६ ला! फ्लोरिन आपले इलेक्ट्रॉन इतके घट्ट धरतो की ढग झुकतच नाही. शिवाय पेंटेनची लांबट साखळी शेजारणीला बाजूभर चिकटते. रेणूभाराच्या भरवशावर बसणाऱ्यांसाठीही हीच जोडी: पहिल्याचा रेणूभार ८८, दुसऱ्याचा ७२. 'रेणूभार वाढला म्हणून उत्कलनांक वाढला' हे कारण म्हणून लिहू देऊ नका. भार वाढताना बहुधा इलेक्ट्रॉनही वाढतात, म्हणून ते जुळल्यासारखं दिसतं इतकंच.

आकाराचा परिणाम वेगळा दाखवायचा तर पेंटेनचे तीन समघटक (रेणुसूत्र एकच, रचना वेगळी) आहेतच: सरळ ३६, एक फांदी २८, दोन फांद्या असलेला गोलसर निओपेंटेन ९.५. लंडन बलाची ऊर्जा अंतराच्या सहाव्या घाताने घटते. अंतर दुप्पट झालं की ती ६४ पट कमी. गोल रेणू एकमेकांना टेकतात ते एका टोकाला, लांबट रेणू अख्ख्या लांबीवर.

इथे एक सापळा आहे. ही तुलना उत्कलनांकावर करा, द्रवणांकावर नको. निओपेंटेन उणे १७ च्या आसपास वितळतो आणि सरळ पेंटेन उणे १३० ला, म्हणजे क्रम नेमका उलटा! घनात रेणू किती नीट रचले जातात यावर द्रवणांक ठरतो आणि गोल, सममित रेणू छान रचले जातात.

सुरंगी

कातळसडा यांनी बहुतेक सगळं लिहिलंय. पेपर तपासताना हायड्रोजन बंधावर गुण जातात त्या जागा तेवढ्या जोडते.

क्लोरीनची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढायची ताकद) नायट्रोजनइतकीच, किंबहुना किंचित जास्त (३.१६ आणि ३.०४), मग एचसीएलमध्ये हायड्रोजन बंध का धरत नाहीत, हा हुशार मुलांचा ठरलेला प्रश्न. क्लोरीनचा अणू मोठा, ऋण प्रभार मोठ्या जागेत पसरलेला, म्हणून शेजारच्या हायड्रोजनला तो पुरेशा जोराने ओढत नाही.

'एचएफचा (हायड्रोजन फ्लोराइडचा) हायड्रोजन बंध सगळ्यात बळकट, तर मग पाण्याचा उत्कलनांक जास्त का?' एक बंध किती बळकट यापेक्षा प्रत्येक रेणूला किती बंध करता येतात ते इथे महत्त्वाचं. पाण्याकडे दोन हायड्रोजन आणि दोन एकाकी जोड्या (बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या), म्हणजे एका रेणूभोवती चार बंध. एचएफकडे जोड्या तीन पण हायड्रोजन एकच, त्यामुळे सरासरी दोनच जमतात. अमोनियाचं उलटं, हायड्रोजन तीन आणि जोडी एक. म्हणून १००, १९.५ आणि उणे ३३. शिवाय एचएफचे रेणू वाफेतही काही प्रमाणात साखळ्या करून राहतात, म्हणजे उकळताना सगळे बंध तोडावेच लागत नाहीत.

ऑर्थो आणि पॅरा नायट्रोफिनॉल (२१६ आणि २७९ अंश) यांच्या उत्तरात नुसतं 'ऑर्थोमध्ये हायड्रोजन बंध असतो' लिहिलं तर उत्तर उलटंच होतं. ऑर्थोमध्ये तो रेणूच्या आतल्या आत असतो, म्हणून शेजाऱ्याशी बांधायला हायड्रोजन मोकळा उरत नाही. हे पुढचं वाक्य आलं तरच गुण.

बांगडो

माका एक शंका आसा. पाणी उकळता तेव्हा हायड्रोजन नि ऑक्सिजन सुटे होतत काय? 'बंध तुटतात' असा लिवलेला आसा म्हणान इचारतंय.

कातळसडा (रत्नागिरी)

नाही रे, आणि विचारलंस ते बरं झालं. वाफ म्हणजे पाण्याचेच पूर्ण रेणू, फक्त एकमेकांपासून लांब गेलेले. तुटतात ते रेणू-रेणूंमधले हायड्रोजन बंध. रेणूच्या आतले ऑक्सिजन-हायड्रोजन बंध जसेच्या तसे राहतात. हिशेब बघ: १०० अंशांना १८ ग्रॅम, म्हणजे एक मोल, पाण्याची वाफ करायला सुमारे ४०.७ किलोज्यूल लागतात. त्याच १८ ग्रॅममधले सगळे सहसंयुज बंध तोडायचे तर एका मोलमागे प्रत्येक बंधाचे ४६३ याप्रमाणे ९२६ किलोज्यूल. बावीस-तेवीस पट. नुसत्या उष्णतेने पाण्याचे घटक डोळ्यांत भरण्याइतके सुटे व्हायला २००० अंशांच्या वर जावं लागतं. चुलीवरच्या टोपात ते होत नाही. उत्तरात 'हायड्रोजन बंध' असं पूर्ण लिहीत जा, नुसतं 'बंध' लिहिलंस की तपासणारा दुसराच अर्थ घेईल.

आगरातली (गुहागर)

प्रयोगाचं मी सांगते. पद्धत बरोबर आहे, हवा आड येते. आणि काय बिघडतं हे मुलांना कळलं तर तोच चांगला धडा होतो.

आधी पद्धत पक्की करा. थर्मामीटर उणे १० ते ११० अंशांचा, काचेचा. फिल्टर पेपरचा अडीच सेंटिमीटरचा चौकोन फुग्याभोवती एकच वेढा बसेल असा गुंडाळा आणि दोऱ्याने बांधा. दोन-तीन वेढे झाले की आतला द्रव बाहेर यायला वेळ लागतो आणि घट कमी दिसते. परीक्षानळीत ५ मिली द्रव, त्यात फुगा एक मिनिट बुडवून ठेवा म्हणजे द्रव आणि थर्मामीटर एका तापमानाला येतील. बाहेर काढला की टेबलाच्या कडेला आडवा चिकटवा, फुगा हवेत राहील असा. दर ३० सेकंदांनी नोंद, चार मिनिटं. सगळ्या द्रवांच्या वेळी पंखा एक तर बंद किंवा त्याच वेगावर. नेलपॉलिश रिमूव्हर आणि सॅनिटायझर वापरू नका. त्यांत पाणी, तेल, ग्लिसरीन काहीही असतं आणि आकडे कशाशीच जुळत नाहीत. मिथेनॉल विषारी, ते बाहेर काढूच नका. ॲसिटोन आणि हेक्झेनची वाफ उणे २० च्या आसपासही पेट घेऊ शकते, तेव्हा त्या तासाला प्रयोगशाळेत एकही बर्नर पेटलेला नको, खिडक्या उघड्या, आणि बाटलीचं बूच लगेच लावायचं.

आता पावसाळ्याचं. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर ओल्या फुग्याचं तापमान साधारण २८ च्या खाली जातच नाही. पाणी दोनच अंश उतरतं ते यामुळे, तुमच्या हातून काही चुकत नाही. हवेत आधीच इतकी वाफ आहे की जितके रेणू कागदावरून उडतात जवळजवळ तितकेच परत येऊन बसतात.

ॲसिटोनचा घोळ वेगळा आहे. तो फुगा दहा-पंधरा अंश सहज खाली नेतो. त्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाखाली हवेतली वाफ पाणी होऊन जमते तो) २७ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे १५ अंशांच्या फुग्यावर हवेतलं पाणी जमायला लागतं. ते ॲसिटोनमध्ये मिसळतं, आणि जमताना स्वतःची उष्णता कागदाला देतं. घट कमी येते, आणि किती कमी ते त्या दिवशीच्या आर्द्रतेवर ठरतं. हे ओळखायची खूण सोपी आहे. ॲसिटोनचा वास गेल्यावरही कागद ओला लागतो, आणि पारा वर चढताना ३० ला न जाता २८ ला येऊन अडकतो. अडकला तो अंक कुठला? पाण्याच्या ओल्या फुग्याचाच. कागदावर शेवटी उरलं ते पाणी, याचा याहून चांगला पुरावा शाळेत मिळणार नाही.

म्हणून जुलैत करायचाच असेल तर असं करा: प्रत्येक द्रवाची चार मिनिटांची सरासरी न काढता सगळ्यात खालचा अंक घ्या, सगळे द्रव एकाच तासाला आटपा, आणि कोरड्या व ओल्या थर्मामीटरमधला फरक वहीत वरच लिहून ठेवा. ३० अंशांच्या हवेत फरक २ अंश असेल तर आर्द्रता ८५ च्या आसपास, ५ असेल तर ६७ च्या आसपास. वेगवेगळ्या दिवसांचे आकडे का जुळत नाहीत ते त्यावरून कळतं. डिसेंबर-जानेवारीत दुपारी केला तर पाणीही चांगलं उतरतं.

निष्कर्ष लिहिताना मुलं हमखास अडखळतात ती जागा: 'पाण्याची बाष्पीभवनाची उष्णता सगळ्यात जास्त, मग गारवा सगळ्यात कमी कसा?' गारवा दोन गोष्टींच्या गुणाकारावर असतो, एका मोलमागे उष्णता किती आणि दर सेकंदाला रेणू किती उडतात. पाण्याची उष्णता २५ अंशांना एका मोलला ४४ किलोज्यूल, ॲसिटोनची ३१. पण त्याच तापमानाला बाष्पदाब पाण्याचा २४ मिलिमीटर पारा, इथेनॉलचा ५९, हेक्झेनचा सुमारे १५०, ॲसिटोनचा २३०. उष्णतेत दीडपटही फरक नाही, बाष्पदाबात नऊ-दहा पट आहे.

पावसाची पर्वा न करणारा प्रयोग हवा असेल तर थेंब मोजा. एकच ड्रॉपर, उभा धरलेला, सेकंदाला साधारण एक थेंब, आणि खाली १० मिलीचं मापपात्र. १ मिली भरायला थेंब किती लागले ते लिहायचं. ज्या ड्रॉपरने पाण्याचे २० थेंब होतात त्यानेच इथेनॉलचे ५० च्या आसपास होतात. थेंबाचं वजन पृष्ठताणाच्या प्रमाणात असतं. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन, इथेनॉलचा २२, आणि इथेनॉलची घनता ०.७९. गुणोत्तर मांडून मुलं हा ५० चा अंक स्वतः काढू शकतात. नाण्यावर थेंब रचायचा खेळही होतो, पण नाणं हाताळून तेलकट झालेलं असतं आणि साबणाने धुतलं तर उरलेला साबण पृष्ठताण पाडतो, त्यामुळे आकडे भलतेच फिरतात. ड्रॉपरही आधी त्याच द्रवाने दोनदा विसळून घ्या. केसांना खोबरेल लावून आलेल्या मुलांचे हात आधी धुवा, हे गमतीने लिहीत नाही.

घासलेल्या कंगव्याने नळाची धार वळवून दाखवायचा प्रयोग मात्र आपल्याकडे जून ते सप्टेंबर सोडूनच द्या, दमट हवेत कंगव्यावर प्रभार टिकत नाही. आणि कोरड्या दिवसात केलात तरी 'पाणी ध्रुवीय असल्याचा पुरावा' म्हणून दाखवू नका. पाण्यात थोडे आयन असतात. कंगव्यामुळे धारेवर विरुद्ध प्रभार साचतो आणि धार वळण्यात त्याचाच हात मोठा असतो. फक्त द्विध्रुव फिरून रांगेत उभे राहतात म्हणून धार वळते, हे स्पष्टीकरण लंगडं आहे.

मुठेल (सावंतवाडी)

इथल्या वस्तू विचारल्यात तर दोन देतो.

पहिली, खोबरेल आणि कोकमाचं तेल. दोन्ही वनस्पतींची, दोन्ही मेदाम्लांचे एस्टर, हायड्रोजन बंध कुठेच नाहीत. खोबरेल २४-२५ अंशांना वितळतं, कोकमाचा गोळा ३८-४० च्या आसपास. 'संतृप्त म्हणजे घट्ट, असंतृप्त म्हणजे पातळ' हा नियम इथे सपशेल आपटतो, कारण खोबरेलात संतृप्त मेदाम्लं जवळपास ९० टक्के आणि कोकमाच्या तेलात ओलेइक आम्लच एक-तृतीयांशाहून जास्त. उत्तर साखळीच्या लांबीत आहे. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल, १२ कार्बनांचं; कोकमात मुख्य स्टिअरिक, १८ कार्बनांचं. साखळी लांबली की शेजारच्या साखळीशी लंडन बलाने चिकटायला जागा वाढते. शिवाय कोकमाच्या रेणूंत बहुतांशी दोन टोकांना स्टिअरिक आणि मध्ये ओलेइक अशी एकसारखी मांडणी असते, त्यामुळे ते नीट रचले जातात. कातळसडा यांनी द्रवणांकाबद्दल जो इशारा दिला, तो इथे लागू आहे: लांबी आणि रचना, दोन्ही सांगायला हवं.

ओलेइकची साखळी सिस दुहेरी बंधापाशी (साखळीचे दोन्ही भाग बंधाच्या एकाच बाजूला; ट्रान्समध्ये विरुद्ध बाजूंना) वाकलेली असते. शुद्ध स्टिअरिक आम्ल ६९ अंशांना वितळतं, ओलेइक १३ ला, आणि ओलेइकचाच ट्रान्स भाऊ इलाइडिक ४५ ला. कार्बन तिघांतही १८. ओलेइक आणि इलाइडिक यांचं तर रेणुसूत्रही एकच. फरक वाकण्याचा. तारलीच्या तेलात पाच-सहा सिस दुहेरी बंधांची आम्लं असतात, म्हणून ते फ्रीजमध्येही बहुतांशी पातळ राहतं. फक्त सुट्या आम्लांचे हे आकडे तेलांच्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करू नका. सुट्या आम्लांत हायड्रोजन बंध असतात, तेलांत नाहीत.

मोजायचं कसं: प्रत्येकी २ ग्रॅम पातळ परीक्षानळीत, मध्ये थर्मामीटर, नळी बीकरमधल्या पाण्यात. खोबरेल आधी बर्फात गोठवून घ्या. पाणी मिनिटाला एक अंशापेक्षा वेगाने तापवू नका. गढूळपणा पूर्ण जाऊन नितळ झालं तो अंक लिहा. गोठताना मोजू नका, खोबरेल गोठण्याआधी द्रवणांकाच्या बरंच खाली जाऊनही पातळच राहतं. कोकमाचं तेल वितळवून झटकन बर्फात गोठवलं तर रेणू घाईत कसेही बसतात आणि द्रवणांक खाली येतो. म्हणून गोळ्याचा तुकडा आहे तसा खरवडून भरा, वितळवून ओतू नका. बाजारच्या गोळ्यात दुसरी चरबी मिसळलेली असू शकते, घरी बिया कुटून, उकळून काढलेलं मिळालं तर उत्तम.

दुसरी, माशाचा वास. तो मुख्यतः ट्रायमिथाइल अमाइनचा; समुद्राच्या माशांत तिचं ऑक्साइड असतं, त्यापासून जिवाणू ती तयार करतात. आता तिचे समघटक बघा, सगळ्यांचा रेणूभार ५९: प्रोपिल अमाइन ४८ अंशांना उकळते, इथाइल मिथाइल अमाइन ३६-३७ ला, ट्रायमिथाइल अमाइन ३ ला. नायट्रोजनवर दोन हायड्रोजन, मग एक, मग शून्य. शून्य झाले की ती आपापसांत हायड्रोजन बंध करू शकत नाही आणि आपल्या हवेत वायू होऊन नाकापर्यंत येते. तिच्या एकाकी जोडीला पाण्याच्या हायड्रोजनशी मात्र बंध करता येतो, म्हणून ती पाण्यात भरपूर विरघळते आणि मासे धुतल्यावर वास उतरतो. हायड्रोजन बंध 'देणं' आणि 'घेणं' वेगळं, हे मुलांना इथे पटकन कळतं, ॲसिटोनचंही तसंच.

आगळ (कोकमाचा आंबट रस), चिंच किंवा लिंबू चोळलं की आम्लातला प्रोटॉन त्या एकाकी जोडीवर बसतो आणि अमाइनचा आयन होतो. आयनाला पाणी आयन-द्विध्रुव बलाने धरतं, सोबतचा ऋण आयनही ओढून ठेवतो, आणि तो उडून जाऊ शकत नाही. वास मारला असं आपण म्हणतो, पण रेणू तिथेच आहे. खात्री करायची तर आगळ लावलेल्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा नको, धुण्याचा सोडा टाका. आम्ल संपून पाणी पुरेसं अल्कधर्मी झालं की वास परत येतो. हे चाखायचं नाही, आणि वास घेताना हाताने वारा घालून दुरूनच.

पऱ्या (राजापूर)

४२ इलेक्ट्रॉनांची जोडी आणि २८ ला अडकणारा पारा, दोन्ही सोमवारीच वापरतो. आमच्याकडे हेक्झेन नाही. अध्रुवीय द्रव म्हणून रॉकेल किंवा पेट्रोल चालेल का?

आगरातली (गुहागर)

दोन्ही नको. रॉकेलमधले बहुतेक रेणू १५० अंशांच्या वर उकळणारे, त्याने पारा हलणारच नाही आणि मुलं 'अध्रुवीय द्रव उडत नाही' असं लिहून मोकळी होतील. पेट्रोल वर्गात आणायचं नाही, त्यात बेंझिनही असतं. प्रयोगशाळेच्या कपाटात ६० ते ८० अंशांचा पेट्रोलियम ईथर आहे का बघा, त्यात मुख्यतः हेक्झेनच्या जातीचेच रेणू असतात. नावात ईथर असलं तरी तो ईथर नाही, त्यात ऑक्सिजनच नाही, तेव्हा बाटलीवरचं नाव वाचून मुलांनी द्विध्रुव काढायच्या आत सांगून टाका. ज्वलनशीलतेचे सगळे नियम हेक्झेनचेच लावा. आणि तो ॲसिटोनपेक्षा थोडा कमी उतरला तर दचकू नका: त्याचा उत्कलनांक ६०-८०, ॲसिटोनचा ५६. ॲसिटोन ध्रुवीय खरा, पण त्यात ३२ इलेक्ट्रॉन आणि हेक्झेनमध्ये ५०.